स्पॉक असे बोलणार नाही!

ग्राहकाला वस्तू पसंत पडेनाशी झाली की त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. एक तर तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो, किंवा त्याच दुकानदाराकडे तक्रार करतो. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साध्या अनुभवातून एक मोठा सिद्धान्त उभा केला. मालमोटारींची स्पर्धा असतानाही नायजेरियातील रेल्वेचा कारभार का सुधारत नाही, या प्रश्नापासून त्यांचा विचार सुरू झाला आणि शाळा, राजकीय पक्ष, राष्ट्र येथवर जाऊन पोचला. सोडून जाणे, आवाज उठवणे आणि माणसाला सोडून जाऊ न देणारी निष्ठा, या तीन संज्ञांच्या आधारे त्यांनी संस्थांच्या ऱ्हासाची आणि सुधारणेची मीमांसा केली.

कथावाङ्मयाचा वाचक हाही एका अर्थी ग्राहकच. आवडत्या पात्राच्या तोंडी लेखकाने न शोभणारे बोल घातले, किंवा दोन पात्रांमधील नाते रंगत असतानाच ते वाऱ्यावर सोडून दिले, तर वाचक काय करतो? पुस्तक मिटतो, नाही तर फार झाले तर लेखकाला किंवा संपादकाला पत्र लिहितो. हिर्शमन यांचा ग्रंथ बाहेर पडला त्याच सुमारास अमेरिकेतील काही रसिकांनी मात्र एक तिसरा मार्ग चोखाळण्यास प्रारंभ केला होता. त्यांनी आवडती कथा सोडली नाही आणि केवळ तक्रार करूनही ते थांबले नाहीत. त्यांनी त्या पात्रांच्या कथा स्वतःच लिहावयास घेतल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकमेकांच्या कथा वाचून 'हे पात्र असे वागेल काय?' या प्रश्नावर ते वर्षानुवर्षे भांडत राहिले. इंग्रजीत या लेखनास 'फॅन फिक्शन' म्हणतात. चाहत्यांनी चाहत्यांसाठी लिहिलेल्या कथा, असा त्याचा सरळ अर्थ. या कथांची थट्टा पुष्कळ झाली आहे. त्यांच्याभोवती चाललेल्या चर्चेकडे मात्र आपल्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. वस्तुतः या साऱ्या व्यवहाराचा प्राण त्या चर्चेतच आहे.

अर्धवट राहिलेली माणसे

या चळवळीचे मूळ पुष्कळदा 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेत शोधले जाते. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका १९६९ च्या जूनमध्ये बंद पडली. तीन वर्षांत तिचे ७९ भाग झाले. १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली, त्यामुळे तिच्यातील अवकाशयान आणि टोकदार कानांचा स्पॉक हे त्या पिढीच्या मराठी प्रेक्षकालाही अपरिचित नाहीत. यानाचा कप्तान कर्क धाडसी आणि उमद्या स्वभावाचा, डॉक्टर मकॉय तापट पण मायाळू, आणि स्पॉक हा दोहोंहून निराळा. त्याचे वडील व्हल्कन या परग्रहावरचे, तर आई पृथ्वीवरची. व्हल्कन लोक भावनांवर कठोर ताबा ठेवून केवळ तर्काने जगतात. अशा समाजात वाढलेला, पण मानवी आईचे रक्त अंगात असलेला हा माणूस बोलतो थोडे आणि दडवतो फार.

मालिकेचे स्वरूपच असे होते की दर आठवड्याला गोष्ट नवी आणि पुष्कळदा लेखकही नवा. पात्रांच्या आयुष्यातील एखादा धागा एका भागात दिसावा आणि पुढच्या भागात त्याचा मागमूसही राहू नये, असे वारंवार घडे. नोव्हेंबर १९६७ मध्ये दाखवल्या गेलेल्या एका भागात स्पॉकचे आईवडील प्रथमच अवतरले. बापलेक अठरा वर्षे एकमेकांशी बापलेक म्हणून बोललेले नाहीत, कारण मुलाने वडिलांना हवी असलेली विज्ञानसंस्था न निवडता अवकाशदलातील नोकरी पत्करली, असे प्रेक्षकांना कळले. बाप मरणाच्या दारी असताना कर्तव्य सोडून त्याला रक्त देण्यास मुलगा तयार होत नाही, तेव्हा आई त्याच्या थोबाडीत मारते. आणि भागाच्या अखेरीस, या बाईशी लग्न का केले, या प्रश्नाला तिचा नवरा तिच्यादेखत उत्तर देतो की, त्या वेळी तेच तर्कसंगत वाटले.

पुढील भागात यान दुसऱ्याच कामगिरीवर निघून गेले. त्या कुटुंबाचे काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. कारखान्याच्या दृष्टीने माल तयार होऊन बाहेर पडला होता. प्रेक्षकाच्या मनात मात्र एक सबंध संसार अर्धवट उभा राहिला होता. हा अर्धवटपणा हेच चाहत्यांच्या लेखनाचे भांडवल ठरले.

सायक्लोस्टाईलवरचे समीक्षामंडळ

मालिका चालू असतानाच, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कमधील दोन तरुणींनी, देव्रा लँगसॅम व शर्ना कॉमरफोर्ड यांनी, 'स्पॉकनेलिया' नावाचे नियतकालिक काढले. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचे हे पहिले नियतकालिक मानले जाते. टंकलेखन यंत्रावर स्टेन्सिल कापावयाच्या, सायक्लोस्टाईलवर प्रती काढावयाच्या, पाने जुळवावयाची आणि टपालाने धाडावयाची, असा हा सारा घरगुती खटाटोप होता. पुढच्या दशकात अशा नियतकालिकांचे अमाप पीक आले. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे या मालिकेच्या चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले. काही शे लोक येतील, असा संयोजकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन हजारांहून अधिक लोक लोटले. मालिका बंद पडून तेव्हा अडीच वर्षे होऊन गेली होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या लेखनात व संपादनात स्त्रियांचा भरणा मोठा होता. ग्रंथपाल, शिक्षिका, कचेरीत टंकलेखन करणाऱ्या स्त्रिया, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थिनी अशांनी दिवसाचे काम उरकून रात्री या कथा लिहिल्या. आणि वाचकांनी त्या नुसत्या वाचल्या नाहीत. प्रत्येक अंकात मागील अंकावरच्या पत्रांना जागा असे. पुढे तर केवळ पत्रेच छापणारी नियतकालिके निघाली. १९७७ मध्ये सुरू झालेले 'इंटरस्टॅट' हे त्यांतील विशेष गाजलेले. एका गावातील बाईने कथा लिहावी, हजार मैलांवरच्या दुसरीने तिच्यातील एका संवादावर दोन पाने टीका लिहावी, आणि तिसरीने त्या टीकेवर उलट पत्र धाडावे, असे हे चाले. त्यांच्यापैकी पुष्कळजणींनी एकमेकींचे तोंडही पाहिलेले नसे.

या पत्रांमधून भांडण होई ते मुख्यतः स्वभावरेखनावर आणि नात्यांवर. वर सांगितलेला स्पॉकच्या आईवडिलांचा संसारच घ्या. व्हल्कन माणूस भावनाशून्य असतो, की भावना असूनही तो त्या आवरून धरतो? प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. पण भावनाशून्य म्हटले तर ते लग्न हा एका हौशी बाईचा आयुष्यभराचा कोंडमारा ठरतो. भावना आवरलेल्या आहेत, असे म्हटले तर त्याच लग्नाला एक विलक्षण खोली येते. 'तेच तर्कसंगत वाटले' हे उत्तर एका वाचकाला निष्ठुर वाटेल. दुसऱ्याला त्यात नवराबायकोलाच कळणारी जुनी थट्टा दिसेल. एका वाक्यावर दोन निरनिराळे संसार उभे राहतात, आणि कोणता खरा हे ठरवावयाचे तर मूळ भाग पुन्हा पुन्हा पाहण्यावाचून गत्यंतर नसते. जीन लोरा यांनी या दांपत्यावर लिहिलेली 'द नाइट ऑफ द ट्विन मून्स' ही कथामाला १९७० च्या दशकात चाहत्यांत अतिशय लोकप्रिय झाली, ती याच प्रश्नाला दिलेल्या भरीव उत्तरामुळे. घरातील माणूस बोलून दाखवत नाही तेव्हा त्याचे प्रेम कशावरून ओळखावे, हा काही परग्रहावरचा प्रश्न नव्हे.

मेरी स्यूचा धडा

अशा चर्चेतूनच टीकेची परिभाषाही जन्माला आली. पॉला स्मिथ यांनी १९७३ साली 'मेनॅजरी' या चाहत्यांच्या नियतकालिकात एक चिमुकली विडंबनकथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी स्यू ही अवघ्या साडेपंधरा वर्षांची, आरमारातील सर्वांत लहान अधिकारी. कप्तान तिच्यावर भाळतो, स्पॉक तिच्या तर्कबुद्धीने चकित होतो, सारे संकटात सापडले असता तीच यान चालवते आणि अखेरीस सर्वांना रडवून मरते. नवख्या लेखिका स्वतःलाच नटवून कथेत कशा आणून बसवतात, याचे ते हसरे चित्र होते. आज 'मेरी स्यू' हा शब्द इंग्रजी कोशांतही जाऊन बसला आहे.

या विडंबनाचा रोख नीट पाहिला पाहिजे. मेरी स्यू हुशार आहे, हा दोष नव्हे. ती येताच बाकीच्या सर्वांचे स्वभाव वितळून जातात, हा खरा दोष. अठरा वर्षे बापाशी न बोलणारा स्पॉक तिच्यापुढे पहिल्याच भेटीत मन मोकळे करतो. जी गोष्ट दुर्मीळ म्हणून मोलाची, तीच या कथेत फुकट वाटली जाते, आणि मग तिला मोल उरत नाही. भाववाढीच्या काळात नोटेचे जे होते तेच येथे भावनेचे होते. एका पानाच्या थट्टेने हे जे शिकवले ते शिकवावयास कथालेखनाच्या पाठ्यपुस्तकाला एक प्रकरण खर्ची घालावे लागले असते.

परंतु या धड्याची दुसरी बाजूही आहे. हत्यार हाती आले की ते कोठेही चालवले जाते. हळूहळू कोणत्याही कर्तबगार स्त्रीपात्रावर मेरी स्यूचा शिक्का बसू लागला. सर्व विद्यांत निपुण, सर्व स्त्रियांना प्रिय आणि सर्व संकटांतून सुटणाऱ्या पुरुष नायकांना मात्र कोणी असे हिणवीत नसे. या चाहत्यांचा अभ्यास करून कॅमिल बेकन-स्मिथ यांनी १९९२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात, या आरोपाच्या धास्तीने अनेक लेखिकांनी स्त्रीपात्रे रंगवण्याचेच टाळले, असे नोंदवलेले आहे. स्वभावरेखनाची चर्चा लेखकाला शहाणे करते तशी ती त्याची लेखणी गोठवूही शकते, याचा हा पुरावा. त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

एका हसण्याचा खटला

सर्वांत कडाक्याचा वाद पेटला तो कर्क आणि स्पॉक यांच्या नात्यावरून. १९७४ साली एका चाहत्या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील डायेन मर्चंट यांची एक छोटी कथा आली. तिच्यातील दोन प्रेमिकांची नावे कोठेही दिलेली नव्हती, तरी ती कोणाविषयी आहे हे जाणत्या वाचकांनी ओळखले. येथून या दोन पुरुषांत मैत्रीपलीकडचे प्रेम आहे असे मानणाऱ्या कथांचा एक स्वतंत्र प्रवाह सुरू झाला. दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ ओढून त्यांचा निर्देश होई, आणि त्या रेघेच्या 'स्लॅश' या इंग्रजी नावानेच तो प्रकार पुढे ओळखला जाऊ लागला.

अनेक वाचकांना हे मुळीच रुचले नाही. त्या काळात अमेरिकेतही या विषयाचा नुसता उच्चार लोकांना खटके, त्यामुळे विरोधाचा काही भाग सामाजिक संकोचाचा होता, हे उघड आहे. परंतु वादाचा जो भाग आज वाचनीय ठरतो तो निराळा. १९६७ मधील एका भागात, आपल्या हातून कर्क मारला गेला अशी समजूत झालेला स्पॉक परत येतो आणि कर्क जिवंत दिसताच, सारा संयम विसरून, चेहराभर हसतो. क्षणभरच, आणि मग सावरतो. या एका हसण्यावर दोन्ही पक्षांनी आपापला खटला उभा केला. एक पक्ष म्हणे, सबंध मालिकेत ज्याने कधी असे केले नाही त्याने येथे का करावे? दुसरा पक्ष म्हणे, दोन माणसांत जीवाला जीव देणारी निखळ मैत्री असू शकते हेच तुम्हाला पटत नाही काय? प्रत्येक उत्कट नात्याला प्रेमाचेच नाव दिले, तर मैत्री या शब्दासाठी शिल्लक काय राहते?

हा दुसरा प्रश्न खरोखरच वजनदार आहे. पहिल्या पक्षाचे उत्तरही पोकळ नव्हते. लेखिका व समीक्षक जोआना रस यांनी १९८५ साली या कथांवर लिहिलेल्या निबंधाचा आशय असा की, नवराबायकोच्या रूढ साच्यात स्त्रीला बरोबरीचे स्थान नसल्यामुळे, पूर्ण समानतेवर उभे असलेले प्रेम रंगवण्यासाठी या स्त्रियांनी दोन पुरुषांचा आधार घेतला. हे विवेचन मान्य करावे वा न करावे. पण आपल्या जीवनात जे नाते दिसत नाही ते कल्पनेत उभे करण्याची ही धडपड होती, हे त्यामुळे ध्यानात येते.

हा वाद शेवटी मालिकेच्या जनकापर्यंत पोचला. जीन रॉडनबेरी यांनी १९७९ च्या चित्रपटाची जी कादंबरी लिहिली तिच्यात एका तळटीपेत त्यांनी व्हल्कन भाषेतील एक शब्द योजला. मित्र, भाऊ आणि प्रियकर असे तिन्ही अर्थ त्या एका शब्दाला दिले, आणि अफवेविषयी कर्कच्याच तोंडून दोन मिस्किल वाक्ये वदवून घेतली. निकाल लागला असे दोन्ही पक्षांना वाटले, आणि दोघांनाही तो आपल्या बाजूने लागल्यासारखा वाटला! निर्मात्यालाच आपल्या वाचकांच्या चर्चेत एक पत्रलेखक म्हणून उतरावे लागले, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

किंमत नसलेला व्यवहार

या साऱ्यात पैसा कोठे होता? जवळपास नव्हताच. नियतकालिकाची किंमत कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च भरून निघण्यापुरती असावी, असा संकेत होता. नफा काढणाऱ्या संपादकाची निंदा होई. लेखिकेला मोबदला म्हणून अंकाची एक प्रत मिळे आणि वाचकांची पत्रे मिळत. पात्रांचे कायदेशीर मालक दुसरेच असल्यामुळे हा संकेत एक प्रकारचे चिलखतही होता. तेही नेहमी पुरे पडत नसे. १९८१ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या निर्मात्यांनी आपल्या पात्रांच्या प्रौढ स्वरूपाच्या कथा छापणाऱ्या नियतकालिकांना ताकीद देणारी पत्रे धाडली होती.

हिर्शमन यांच्या ग्रंथाच्या वर्षीच, १९७० साली, रिचर्ड टिटमस यांचा रक्तदानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये रक्त दान म्हणून मिळते आणि अमेरिकेत त्याचा बराच भाग विकत घेतला जातो, या दोन व्यवस्थांची तुलना करून त्यांनी दाखवले की, काही वस्तूंना किंमत चिकटवली की त्यांचा दर्जा सुधारण्याऐवजी खालावतो. पैशासाठी रक्त विकणारा आपला आजार लपवतो. दान करणाऱ्याला तो लपवण्याचे कारण नसते. चाहत्यांच्या कथांना हे तत्त्व बऱ्याच अंशी लागू पडते. तेथे लेखकाला वाचकाची खुशामत करावयाची नसते आणि वाचकाने पैसे मोजलेले नसल्याने 'माझे पैसे फुकट गेले' असे म्हणण्याची त्याला सोय नसते. उरतो तो एकच प्रश्न: हे पात्र खरे उतरले आहे काय?

बाजाराने या क्षेत्रात शिरण्याचे प्रयत्न केलेच. अमेझॉन कंपनीने २०१३ मध्ये काही मालिकांच्या मालकांशी करार करून चाहत्यांच्या कथा विकण्याची योजना काढली. मजकूर कसा असावा याचे नियम घातले आणि लेखकाला विक्रीतील वाटा देऊ केला. २०१८ मध्ये ती योजना बंद झाली. उलट, 'ट्वायलाइट' या कादंबऱ्यांच्या पात्रांवर बेतलेली एक कथा नावे बदलून २०११ मध्ये 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' म्हणून बाहेर पडली आणि तिने विक्रीचे उच्चांक मोडले. म्हणजे या लेखनातून पैसा मिळत नाही असे नाही. पण नावे बदलताच ती कथा त्या चर्चेतून बाहेर पडते. 'हे पात्र असे वागेल काय?' हा प्रश्न तिला मग कोणी विचारू शकत नाही, कारण ताडून पाहावयास सर्वांच्या परिचयाचे मूळ पात्रच उरत नाही.

दाद वाढली, वाद आटला

आज सायक्लोस्टाईल इतिहासजमा झाले आहे. चाहत्यांनीच २००७ साली स्थापन केलेल्या एका विनानफा संस्थेने २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे कथाभांडार सर्वांना खुले केले. ते स्वयंसेवक चालवतात, तेथे जाहिरात नाही की वर्गणीची सक्ती नाही, आणि कथादी कृतींची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. २०१९ मध्ये विज्ञानकथेच्या क्षेत्रातील ह्यूगो पारितोषिक या भांडाराला मिळाले. घरच्या टेबलावर पाने जुळवणाऱ्या त्या स्त्रियांच्या दृष्टीने हा केवढा पल्ला!

पण याच काळात एक संकेतही बदलला. एक कळ दाबली की वाचकाची दाद लेखकाला पोचते. न मागता दोष दाखवणे मात्र आता अनेक वर्तुळांत असभ्यपणाचे मानले जाते. जो फुकट लिहितो त्याचे आभार मानावेत, आवडले नाही तर मुकाट्याने बाजूला व्हावे, असा हा नवा शिष्टाचार आहे. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. लिहिणाऱ्यांत कोवळ्या वयाची मुले-मुली पुष्कळ असतात, आणि अनोळखी लोकांच्या निर्दय शेऱ्यांनी कित्येकांची लेखणी कायमची थांबली असेल. मेरी स्यूच्या शिक्क्याने काय केले ते वर आलेच आहे.

तरीही या शिष्टाचाराने काय गमावले जाते, हे सांगणे प्राप्त आहे. हिर्शमन यांच्या भाषेत बोलावयाचे तर, आवाज बंद झाला की फक्त निर्गमन उरते. न आवडलेली कथा अर्ध्यावर सोडणारा वाचक लेखकाला काहीच कळवीत नाही. ती का सोडली, स्पॉक कोठे खोटा वाटला, हे त्या लेखकाला कधीच समजत नाही. त्याच्या हाती राहतो तो दादेचा आकडा. आणि आकडा आला की त्याची तुलना आली, तुलनेमागून स्पर्धा आली. ज्या नात्याला अधिक मागणी ते अधिक लिहावे, जे पात्र खपते ते पुढे करावे, हे हिशेब मनात नकळत शिरतात. रुपया नसला म्हणजे बाजार नसतो, अशी समजूत भाबडी आहे. टाळ्यांचाही बाजार भरतो. जुन्या नियतकालिकांतील दोन पानी टीकापत्र लिहावयास एखादी संध्याकाळ खर्ची पडत असेल. तो खर्च म्हणजेच लेखिकेला मिळणारा खरा मोबदला होता. आपले लेखन कोणीतरी इतक्या बारकाईने वाचले, यासारखा दुसरा सन्मान नाही. न मागितलेला उपदेश आणि लक्षपूर्वक केलेले वाचन यांत फरक आहे, आणि पहिल्याच्या भीतीने दुसऱ्याचा बळी देणे हा तोट्याचा सौदा आहे.

आपला कर्ण कोणता?

हे सारे परक्या देशातील हौशी लोकांचे चोचले, असे म्हणून मराठी वाचकाला बाजूला होता येणार नाही. 'स्पॉकनेलिया' निघाले त्याच १९६७ साली मराठीत शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली, आणि १९७३ मध्ये रणजित देसाईंची 'राधेय' आली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये कर्णाकडे याहून कितीतरी अधिक परखडपणे पाहिले होते. या कादंबऱ्या व्यावसायिक प्रकाशनाच्या मार्गाने आल्या आणि महाभारताचा कोणी मालक नाही, हा फरक मोठा आहे. परंतु वाचकांचा प्रश्न तोच होता. द्रौपदीची भर सभेत विटंबना होत असता कर्ण जे बोलला, ते या उदात्त कर्णाच्या तोंडी कसे बसवावयाचे? तो प्रसंग सौम्य केला तर व्यासांचा कर्ण उरतो काय, आणि तसाच ठेवला तर आपला लाडका कर्ण उरतो काय? ज्या वाचकाने हा प्रश्न मनापासून विचारला त्याला महाभारत पुन्हा उघडावेच लागते.

उलट आपल्या शाळा-महाविद्यालयांत स्वभावचित्रणाचे काय झाले आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको. 'नायकाचे स्वभावविशेष लिहा' या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शक पुस्तिकेत तयार असते. शूर, निश्चयी, मातृभक्त, असे पाच गुण पाच उपमथळ्यांखाली लिहिले की गुण मिळतात. मूळ पुस्तक न उघडताही ते मिळतात. नायक एखाद्या प्रसंगी भ्याडासारखा का वागला, असे विद्यार्थ्याने विचारलेच तर तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरतो. ज्या वयाची मुले अन्यत्र एका हसण्याचा अर्थ लावण्यासाठी रात्री जागवतात, त्याच वयाची मुले येथे स्वभावाची यादी पाठ करतात. मुलांच्या बुद्धीत फरक नाही. वर्गात त्यांना त्या पात्रावर हक्क सांगू दिला जात नाही, इतकाच फरक आहे.

चाहत्यांच्या पुष्कळशा कथा सामान्य असतात, हे कबूल केलेच पाहिजे. छापील कादंबऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. या कथांभोवती उभी राहिलेली चर्चा मात्र सामान्य नव्हती. काल्पनिक माणसालाही एक सत्य असते, आपल्या सोयीसाठी त्याला वाकवता येत नाही आणि ते सत्य पुराव्याने ठरवावे लागते, एवढे तीन संस्कार तिने पगार, पदवी वा पारितोषिक यांवाचून हजारो सामान्य माणसांवर केले. 'स्पॉक असे बोलणार नाही' असे ठामपणे म्हणणाऱ्याने स्पॉक आधी लक्षपूर्वक ऐकलेला असतो. घरातल्या, कचेरीतल्या, सार्वजनिक जीवनातल्या माणसांविषयी झटपट निकाल देण्याची सवय जडलेल्या काळात, दुसऱ्याचे बोलणे त्याच्या स्वभावाशी ताडून पाहण्याची ही शिस्त एखाद्या कल्पित परग्रहवासीयाच्या निमित्ताने का होईना, कोणी जोपासत असेल, तर तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. ती वर्गात कशी आणता येईल, याचा विचार करण्याचे कारण मात्र निश्चित आहे.